पिवळ्या डबीतला तीर

धान पिवळं पडलं, दिवाळीच्या पणत्या माळ्यावर गेल्या आणि दूरदूरच्या गावांतून मंडईचे भोंगे ऐकू यायला लागले, की आमच्या बालाघाटच्या घरात एकच विषय निघतो. ताईकडे कधी निघायचं आणि कोणत्या रस्त्यानं. यंदा हा विषय माझ्यापर्यंत आलाच नाही. माझ्या मुलीनं मोबाईल गाडीच्या काचेजवळ अडकवला आणि आतल्या बाईला परस्पर विचारून घेतलं. ती बाई कोण, कुठली, कधी लांजीच्या बाजूला आली होती का, आली असेल तर कोणाकडे उतरली होती, काही पत्ता नाही. पण पहिल्याच चौकात ती मला डावं-उजवं शिकवू लागली. मी शेजारी मांडीवर अनारशांचा डबा धरून बसलो होतो. गाडीत माझी आता एवढीच जबाबदारी असते.

वाट दाखवणाऱ्या यंत्रांचा मला राग आहे, असं घरातले म्हणतात. ते खोटं आहे. राग बरोबरीच्याचा येतो. यांना मी तेवढाही मान देत नाही.

बाहेरच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो. आमच्या या धानाच्या मुलखात मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गाव आपापला दिवस धरतं. त्या दिवशी गावातल्या लेकी माहेरी येतात, नाहीतर माहेरचे लोक लेकीच्या गावी जातात. उसाच्या मोळ्या, उकडलेले शिंगाडे, जिलेबी, आकाशपाळणा आणि दिवस मावळताना दंडार, म्हणजे नाचगाण्याचं आमचं नाटक. एका गावाची संपली की दुसऱ्याची. महिनाभर सगळा जिल्हा एकमेकांच्या घरी जेवत असतो, आणि शेतात धान कापणीला माणूस मिळत नाही म्हणून एकमेकांच्या नावानं ओरडतही असतो.

त्या दिवसांना एक वास आहे. कापलेल्या धानाचा, ओल्या पेंढ्यांचा, राइस मिलमधून येणाऱ्या उकडलेल्या भाताच्या वाफेचा. सकाळी वैनगंगेवरून धुकं उठतं आणि गावात शिरून नऊ वाजेपर्यंत हलत नाही. बैलगाड्यांतून सांडलेल्या ओंब्या रस्त्यावर पडलेल्या असतात. कोणी तर धान मुद्दामच डांबरावर पसरून ठेवतो, जाणाऱ्या-येणाऱ्यानं फुकटात मळणी करून द्यावी म्हणून. त्यावरून सायकल गेली की चाकाखाली बारीक कुरकुर वाजते. हा आवाज माझ्या डोक्यात बाबांचा आवाज म्हणून नोंदलेला आहे.

बाबा कोर्टात पेशकार होते. जन्मभर त्यांनी लोकांना पुढची तारीख दिली. स्वतःची एक तारीख मात्र त्यांनी कधी पुढं ढकलली नाही. ताईच्या गावच्या मंडईच्या आदल्या दिवशी ते सायकलवर निघत. तिचं लग्न झालं त्या वर्षापासून. हँडलला एक पिशवी, त्यात अनारसे आणि ताईची साडी. मागं कॅरियरवर एक घोंगडी. किरनापूरला एक चहा. ताईचं गाव मोठ्या रस्त्यापासून बरंच आत, लांजीच्या अलीकडे. दुपारपर्यंत ते तिथल्या बोडीच्या काठावर पोचत. बोडी म्हणजे शेताला पाणी द्यायचं छोटं तळं. काठावर ताई उभी असे. बसनं जा म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. ‘‘बसनं माणूस पोचते. जात नाही.’’

मी बसनंच पोचणाऱ्यांतला. तेही झोपून. बस स्टँडच्या बाहेर आली की माझी मान पडते आणि कंडक्टर उठवतो तेव्हा लांजीचा रस्ता सरलेला असतो. तिथून भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मोटारसायकलवर घालून मला आत नेत. त्यामुळे पन्नाशी ओलांडेपर्यंत बहिणीच्या गावचा रस्ता मला माहीत नव्हता असं मी म्हटलं, तर त्यात विनय नाही.

आता पिवळ्या डबीच्या वर्षाचं. तेव्हा मोबाईल आले होते, पण त्यांना नुसतं बोलता येत असे. त्याच्या आदल्या वर्षीच्या मंडईला बाबा नेहमीसारखे निघाले आणि ताईच्या गावी पोचलेच नाहीत. भाऊजी मोटारसायकलवर शोधायला निघाले. त्या वेळी आमचे धाकटे जवाई, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, पुण्याहून आलेले होते. ते जीप घेऊन इथून गेले. मी घरी आईजवळ थांबलो, कारण कोणीतरी घाबरलेल्या माणसाजवळ बसायला हवं होतं आणि ते काम मला जमतं. दिवस मावळल्यावर बाबा सापडले. दुसऱ्याच एका गावच्या मंडईत, दंडारीच्या ओट्यावर बसून शिंगाडे सोलत होते. ‘‘मी काही हरवलो नोहतो,’’ असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ‘‘दंडार पाहून राह्यलो होतो.’’

घरच्या कोर्टानं हा जबाब मान्य केला नाही. कारण त्याआधीच्या काही महिन्यांत पुरावे गोळा झाले होते. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला होता. मला त्यांनी दोनदा त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारली होती, आणि मी ओ दिली होती. ज्या माणसाला पन्नास खटल्यांच्या तारखा तोंडपाठ असत, तो माणूस आज वार कोणता हे विचारायला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राही आणि मग दुसरंच काहीतरी विचारून परत जाई. आईनं निकाल दिला. सायकल बंद.

बाबांनी वाद घातला नाही. रोज सकाळी सायकल पुसायचं काम मात्र चालू ठेवलं. जी वस्तू चालवायची नाही ती इतकी पुसलेली पाहणं सोपं नसतं. आम्ही सगळे अंगणातून जाताना दुसरीकडे बघत असू.

आणि मग पुढच्या दिवाळीला जवाईबापू पुण्याहून पिवळी डबी घेऊन आले.

जवाईबापूंबद्दल मी वाईट बोलणार नाही, ते माझ्या बहिणीला नीट सांभाळतात. पण ते शेकडो किलोमीटर सायकल हौसेनं चालवतात. पुण्याहून कुठंतरी जातात, तिथं पोचल्यावर फोटो काढतात आणि परत येतात. तिथं त्यांचं कोणी राहत नाही. त्यासाठी त्यांच्याकडे अंगाला चिकटणारी काळी चड्डी होती, जी पाहून आमच्या गल्लीतल्या बायका पाणी भरायचं थांबवून आत गेल्या. डोक्यावर भोकं पाडलेलं टरबुजाचं साल. आणि अमेरिकेहून आणलेली ही डबी. साबणाच्या वडीएवढी, पेन्सिल सेलवर चालणारी, करड्या काचेची. तिला आकाशातले उपग्रह दिसतात म्हणे. काचेवर ना रस्ता, ना गाव, ना नदी. आमच्या भागाचा नकाशा तिच्यात कोणी भरलेलाच नव्हता. कोऱ्या पाटीवर एक काळा तीर आणि खाली अंतर, एवढंच. आधी कधीतरी त्या जागी उभं राहून बटण दाबलं असेल, तर पुन्हा ती जागा कोणत्या दिशेला आहे हे तीर दाखवतो. जवाईबापूंनी ताईचं गाव आदल्या वर्षीच तिच्यात भरून ठेवलं होतं.

‘‘आता बाबा हरवणं शक्यच नाही,’’ ते म्हणाले. ‘‘हँडलला बांधायचं आणि तीर सांगेल तिकडे जायचं.’’

सकाळी अंगणात ते डबी आकाशाकडे धरून उभे राहिले. उपग्रह लवकर सापडेनात. आमच्याकडे आंब्याचं झाड आहे, त्याची फांदी मधे येत होती. ते सरकत सरकत न्हाणीघरापर्यंत गेले, मान वरच. आई दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती. तिनं मला हळूच विचारलं, ‘‘काहून रे, जवाईबापूले उपास आहे काय? चंद्र पाहून राह्यले?’’

उपग्रह सापडले. डबीनं ताईच्या गावाचं अंतर सांगितलं. ते मैलाच्या दगडांच्या हिशोबापेक्षा बरंच कमी होतं. बाबांनी चष्मा वर करून आकडा पाहिला, तीर पाहिला. तीर शेजाऱ्यांच्या संडासातून, गुदामावरून, सरळ धानाच्या बांध्या तुडवत निघाला होता. बाबा म्हणाले, ‘‘हा रस्ता बगळ्यायसाठी बरा आहे.’’

मी हसलो. जवाईबापूंनी मला समजावून सांगितलं की हे हवाई अंतर असतं. मला समजलं. समजल्यावर तर त्या वस्तूबद्दल उरलासुरला आदरही गेला. जमिनीवरच्या माणसाला हवाई अंतर सांगण्यात कसली आली हुशारी? ताईचं गाव आग्नेयेला आहे हे तिच्या सासूलाही माहीत आहे, आणि ती तेवढ्यासाठी सेल मागत नाही.

पण आईनं निकाल फिरवला तो या डबीमुळे. अट एकच घातली. डबी सांगेल तसंच जायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. सोबत जवाईबापू आणि मी. हे जमलं तर सायकल बाबांची. नाही जमलं तर सायकल विकायची, मग कोणी काही बोलायचं नाही. बाबा हौ म्हणाले. कोर्टातल्या माणसाला अटीचं महत्त्व कळतं. त्यांनी नवा शर्ट घातला, पायजम्याला क्लिपा लावल्या, आणि हँडलवर पिवळी डबी बांधून घेताना ते असे उभे राहिले, जसा इंजेक्शन घेणारा माणूस दुसरीकडे बघत उभा राहतो.

त्या दिवसाचा पहिला अर्धा भाग मला फार सुंदर आठवतो, आणि त्याचं श्रेय डबीला नाही. धुक्यात पुढं बाबांची पाठ. ते उतारावरही पायडल मारतात आणि चढावरही तेवढ्याच वेगानं मारतात, जणू रस्त्यानं काहीही करावं, आपण आपलं करायचं. त्यांच्यामागं जवाईबापूंची गियरची सायकल, भुंग्यासारखी. सगळ्यात शेवटी मी. माझी सायकल शेजाऱ्यांची, तिची सीट आणि माझं वजन यांचं आधीपासून जमत नव्हतं. दोन्ही बाजूंनी कापलेलं धान आडवं पडलेलं, मधे मधे धानाच्या गंज्या. शेतांच्या धुऱ्यांवर कोळ्यांची जाळी दवानं पांढरी झालेली. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस एकच विचारी, ‘‘कोनाकडं चालले?’’ बाबा सायकल न थांबवता ताईच्या सासऱ्यांचं नाव सांगत आणि तो माणूस मान हलवी. एवढ्यावर दोघांनाही कळे की कोण कुठं आहे. मी मागून ऐकत होतो आणि मला वाटत होतं, हे जे चाललंय तेच तर ती डबी वर उपग्रहांशी बोलून करते, फक्त तिला सासऱ्यांचं नाव माहीत नाही.

किरनापूरला चहा झाला. जवाईबापूंनी खिशातून चिक्कीसारखं काहीतरी काढून खाल्लं, परदेशी होतं. बाबांना दिलं. त्यांनी वास घेऊन खिशात ठेवलं आणि पुढं एका बैलाला दिलं. बैलानंही विचार केला.

मोठा रस्ता सोडून आत वळल्यावर काही अंतरावर एक मोहाचं झाड होतं. तिथं वाट फुटत होती. मी बराच मागं पडलो होतो. पोचलो तेव्हा ते दोघं थांबलेले होते. बाबा एक पाय जमिनीवर टेकवून डाव्या वाटेकडे पाहत होते. डबीतला तीर उजवीकडे होता. आधी काय बोलणं झालं असेल ते मी ऐकलं नाही, शेवटचं तेवढं ऐकलं.

बाबा म्हणत होते, ‘‘मले वाटते, डावीकडं आहे.’’

जवाईबापू अगदी प्रेमानं म्हणाले, ‘‘बाबा, यंत्राला विसर पडत नाही.’’

ते वाक्य हवेत राहिलं. वाईट मनानं बोललेलं नव्हतं, हेच तर त्याचं वाईट होतं. बाबांनी डाव्या वाटेकडे आणखी थोडं पाहिलं. मग डबीकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसती तपासणी होती. स्वतःच्या डोक्यात हात घालून ते चाचपत होते की आतलं काय काय गेलं असेल.

‘‘असंल,’’ ते म्हणाले. आणि उजवीकडे वळले.

मी आयुष्यात पुष्कळ वस्तूंना नावं ठेवली आहेत. सरकारी कपाटं, सासरची घड्याळं, जपानी छत्र्या. पण कोणत्याही वस्तूनं माझ्या बापाला ‘असंल’ म्हणायला लावलं नव्हतं. त्यानंतरच्या वाटेवर ते कोणाला सासऱ्यांचं नाव सांगेनात. विचारलं तर नुसतं पुढं बोट दाखवत, तीर दाखवी तिकडे. पायडल तसंच चालत होतं. पण डोकं खाली, डबीत. आजूबाजूला धान होतं, बगळे होते, एका बांधीत बायका कापणी करता करता कोणाचीतरी टिंगल करत हसत होत्या. त्यातलं त्यांना काही दिसत नव्हतं. तीर मधेच नाहीसा होई, साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडीत शिरलो की डबी आंधळी होई. मग जवाईबापू उतरून तिला मोकळ्या आकाशाखाली धरत आणि बाबा वही तपासायला दिलेल्या मुलासारखे बाजूला उभे राहत.

शेवटी डबी पीं पीं वाजली. पोचलो म्हणाली.

समोर एक मोकळं मैदान होतं. चार बांबू उभे, आकाशपाळण्याचे खड्डे, उसाची चोयटं आणि शिंगाड्यांची काळी टरफलं सगळीकडे पसरलेली. मंडई होऊन गेलेली दिसत होती. एक बकरी पत्रावळी तपासत फिरत होती. ना बोडी, ना काठ, ना ताई. मैदानाच्या टोकाला दंडारीचा मातीचा ओटा होता.

बाबा सायकलवरून उतरले. सायकल स्टँडवर लावली. ओट्याजवळ गेले, त्यावर हात ठेवला. मग चढून बसले, आणि इकडे तिकडे पाहत म्हणाले, ‘‘हे त तेच गाव हाय. मागच्या साली मी हरवलो होतो, ते.’’

हरवलो होतो, हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं. पण तिकडे त्या क्षणी कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण मी जवाईबापूंच्या तोंडाकडे पाहत होतो. टरबुजाच्या सालाखाली ते तोंड हळूहळू पांढरं होत गेलं. मग सगळं बाहेर आलं. आदल्या वर्षी ते जीप घेऊन आले तेव्हा या भागात पहिल्यांदाच आले होते. इथं बाबा सापडले. बाबा सापडले म्हणून ताई आली, भाऊजी आले, त्यांचे चुलतभाऊ आले. या गावात भाऊजींच्या चुलत्यांचं घर आहे, तिथून ताईनं चहा करून आणला, हक्कानं सगळ्यांना बसवलं, वाढलं. पुण्याच्या माणसानं पाहिलं की ताई यजमानीण आहे, अर्थात हे ताईचंच गाव, बाबा फक्त घर चुकले. त्यानं खिशातून डबी काढून बटण दाबलं. आमच्याकडे मंडईच्या दिवसांत कोणतीही बाई कोणत्याही चुलीवर हक्कानं चहा ठेवते, हे डबीला कोण सांगणार? त्याच रात्री ते परतले, ताईचं खरं गाव न पाहताच.

म्हणजे वर्षभर ती पिवळी वस्तू पुण्यात एका कपाटात, बाबा जिथं हरवले नेमकी तीच जागा जपून बसली होती. आणि बाबांनी हरवू नये म्हणून आम्ही त्यांना तिथंच आणून सोडलं होतं. अचूक. दहा पावलांचाही फरक नाही.

जवाईबापूंनी माफी मागितली, दोन्ही हात जोडून. बाबांनी ती ऐकली की नाही कोण जाणे. ते ओट्यावरून म्हणाले, ‘‘म्हंजे डावीकडंच होतं?’’

‘‘हो बाबा.’’

‘‘त मंग माहं बरोबर होतं?’’

‘‘हो बाबा, तुमचंच बरोबर होतं.’’

ते उठले, सायकलवर बसले. मोहापर्यंत परत यायला बरंच ऊन झालं. वाटेत त्यांनी वेग कमी केला, मला शेजारी येऊ दिलं आणि पुन्हा विचारलं, ‘‘काहून रे, माहं बरोबर होतं नाही?’’ मी हौ म्हणालो. डाव्या वाटेला लागल्यावर पुन्हा एकदा. आता त्यांचा आवाज जरा मोठा होता. पहिला माणूस भेटला तेव्हा त्यानं विचारायच्या आत त्यांनी ताईच्या सासऱ्यांचं नाव सांगून टाकलं.

बोडीच्या काठावर ताई उभी होती. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती हसत खालीच बसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, ‘‘जवाईबापू, तुमची डबी लयच इमानदार हो. जिथून उचललं तिथंच आनून ठेवलं बाबाले.’’ जवाईबापूंनी जेवताना दुसरी पोळी मागितली नाही.

आईला यातलं काही सांगायचं नाही असं ताईनं ठरवून दिलं. बाबा पोचले, तीर पाहत पोचले, अट पुरी झाली. सायकल राहिली. डबीही राहिली, जवाईबापूंनी ती परत नेण्याची हिंमत केली नाही. आईचा तिच्यावर भलताच विश्वास बसला. ‘‘ते वरून पाहून राह्यलं त्यायले,’’ असं ती शेजारणींना सांगे, आणि दसऱ्याला सायकलबरोबर डबीलाही हळदकुंकू लागे. एक वस्तू जन्मभरात कधी उपयोगी पडली नाही आणि तिला झेंडूचं फूल मिळालं, हे फक्त यंत्रांच्याच नशिबी असतं. यंत्रांच्या आणि काही नातेवाइकांच्या.

पुढच्या मंडयांना बाबा डबी बांधूनच गेले. एकदा मी ती सहज उचलली तर हातात हलकी लागली. मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते. ते बाबांच्या ट्रांझिस्टरमध्ये होते, आणि ट्रांझिस्टर त्या वेळी धानाचे भाव सांगत होता. मी झाकण लावून डबी जागेवर ठेवली. बाबांनी वर पाहिलं नाही, फक्त आवाज थोडा वाढवला.

मग एका कार्तिकात ते सकाळी निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. सायकल लावली, कुलूप घातलं, किल्ली खिळ्याला टांगली. ‘‘यंदा धान उशिरा हाय,’’ म्हणाले. धान उशिरा नव्हतं. सगळ्या रस्त्यावर ओंब्या सांडल्या होत्या. आई म्हणाली, बरं झालं. त्या मंडईला ताईच माहेरी आली, बसनं, आणि अंगणात सायकलजवळ थोडा वेळ उभी राहिली. कोपऱ्यावर त्यांना काय झालं, किती वेळ ते तिथं उभे होते, हे आकाशातून कोणी पाहिलं असेल तर त्यानं आजवर सांगितलेलं नाही.

यंदा आमची गाडी मोठा रस्ता सोडून आत वळली. रस्ता रुंद झालाय, मोहाचं झाड गेलंय. फाटा आला, तोच की दुसरा कोणास ठाऊक. बाई म्हणाली, उजवीकडे वळा. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं, कारण मुलीनं ब्रेक लावला. आमचं राज्य हिंदीचं, मुलगी मराठी ऐकते आणि हिंदीत बोलते. बाई तिसऱ्यांदा उजवीकडे म्हणत होती. मुलीनं तिचं तोंड दाबलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘आपको क्या लगता है, पापा?’’

हे बाबांना कोणी विचारलं नव्हतं. मी काचेतून बाहेर पाहिलं. दोन्ही वाटा सारख्याच दिसत होत्या. दोन्हीकडे धान, दोन्हीकडे बगळे. मला काहीही वाटत नव्हतं. मी चाचपून पाहिलं, आत काही हाताला लागलं नाही. तरी मी म्हणालो, डावीकडे. पेशकाराच्या मुलाला शोभेल अशा आवाजात.

तिनं गाडी डावीकडे घातली.

बऱ्याच वेळानं बोडीऐवजी एक मैदान आलं. मंडई ऐन भरात होती. आकाशपाळणा फिरत होता, भोंगा ओरडत होता, आणि टोकाला एक मातीचा ओटा होता, त्यावर दंडारीवाले मेणकापड बांधत होते. मुलगी गाडी लावून खाली उतरली, शिंगाड्यांचा पुडा घेऊन आली, अर्धे मला दिले आणि ओट्यावर माझ्या शेजारी बसून सोलायला लागली. आत्याला उशिरा येतो म्हणून कळवलंय, एवढंच म्हणाली. मोबाईल तिनं गाडीतच ठेवला होता.

‘माहं बरोबर होतं नाही?’ असं बाबांनी त्या दिवशी पुन्हा पुन्हा विचारलं होतं. मी एकदाही विचारलं नाही.